एकशे एक्केचाळिसावं नाव

काल तू विचारलंस, या खुर्चीवर बॅग ठेवू का, आणि मी वसकन तुझ्या अंगावर आले. राग मानू नकोस. माझं असंच आहे, आधी तोंड सुटतं आणि मग डोकं चालायला लागतं. पण आता तू आमच्या विभागात कायमची आलीस, दर महिन्याच्या हजेरीला माझ्याबरोबर बसणार आहेस, तर ती खुर्ची रिकामी का ठेवते ते एकदा सांगून टाकते. दार लोटून घे. घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे मी घाबरले होते, चांगलीच घाबरले होते, पण ते पुढे येईल.

तुला सर्व्हरचं काम येतं, तरी पहिल्यापासून सांगते. या इस्पितळात कुठल्याही वॉर्डात ऑक्सिजनचा दाब उतरला, रक्तपेढीचा फ्रीज तापला, की ते यंत्र सिस्टरला थेट हाक मारत नाही. ते आपल्या सर्व्हरला सांगतं. सर्व्हरकडे नावांची एक वही असते. पूर्वी घरोघरी फोनशेजारी नंबरांची वही असायची ना, तशीच. त्यात नाव शोधायचं, नावापुढचा पत्ता घ्यायचा, आणि त्या पत्त्यावर घंटा वाजवायची. वहीत नाव नसलं तर घंटा वाजत नाही. आणि वाजली नाही म्हणून तक्रारही येत नाही, कारण वाजायला हवी होती हेच कुणाला कळत नाही.

ही वही कागदावर नसते, सर्व्हरच्या डोक्यात असते. सुरू होताना तो एका फायलीतून नावं वाचून घेतो. पण चालू असताना कुणी हाताने एखादं नाव घातलं, तर ते फक्त डोक्यात राहतं, फायलीत उतरत नाही. सर्व्हर बंद केला की ते नाव गेलं. म्हणून आमच्या मास्तरांचा नियम होता, फाईल बघायची नाही. काळ्या पडद्यावर एक ओळीची कमांड द्यायची, चालत्या सर्व्हरला विचारायचं, बाबा रे, तुझ्या वहीत या क्षणी कोण कोण आहे ते सांग. तो एकाखाली एक नावं ओततो. मग हजेरी घ्यायची.

हजेरी एकट्याने घ्यायची नाही. एकाने पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याने हातातल्या छापील यादीत ते नाव शोधायचं, त्याच्यापुढे खूण करायची आणि म्हणायचं, हजर. सापडलं नाही तर गप्प बसायचं. नऊ वर्षं मी वाचत आले आणि माझ्या डाव्या हाताला बसून मास्तर खुणा करत आले. हिरव्या पेन्सिलीने, प्रत्येक खुणेला लांब शेपूट.

मास्तर म्हणजे कुणी शिक्षक नव्हते, आपल्यासारखेच नोकरदार. पण शिकवायची खोड भारी. मला ते धांदल म्हणायचे. 'धांदल, जरा दम खा. सर्व्हर कुठे पळून चाललाय?' तळघरातल्या गारठ्याने त्यांना सर्दी व्हायची, म्हणून रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकून आणायचे. ते येऊन गेले की तासभर वास रेंगाळायचा. माझी आई याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सतरा दिवस होती, तेव्हा ते दर दोन तासांनी वर यायचे आणि दारातूनच सांगायचे, 'तुझं काम झालंय.' ते काम त्यांनीच केलेलं असायचं. असा माणूस. वडिलांनंतर मला इतकं कुणी रागावलं नाही आणि इतकं जपलंही नाही.

ते गेले त्या सकाळी त्यांनी मला तीन फोन केले. घरून, रजेवर असताना. मी मीटिंगमध्ये होते. पडद्यावर त्यांचं नाव बघितलं आणि मनात म्हटलं, झालं, आता माझी कुठलीतरी चूक सापडली असणार, ऐकू संध्याकाळी. फोन पालथा घातला. दीड वाजता काकूंचा फोन आला, त्यांच्या बायकोचा. तो उचलला. नंतर पंधरा दिवसांनी काकूंनी विचारलं, 'तुला सांगितलं का गं त्यांनी? काहीतरी राहिलंय, राहिलंय, असं सारखं म्हणत होते.' मी काय सांगणार?

त्याला दोन वर्षं होत आली आणि जुना सर्व्हर बंद करायची वेळ आली. शनिवारची दुपार होती, ऊन अगदी लख्ख. नवा सर्व्हर महिनाभर आधीच उभा केला होता. गुरुवारी मी दोघांच्या फायली लावून बघितल्या. एकशे चाळीस नावं इकडे, एकशे चाळीस तिकडे, काना-मात्रेचाही फरक नाही. हो, फायली. नियम मला ठाऊक होता. पण मास्तर गेल्यापासून हजेरी म्हणजे नुसता उपचार झाला होता, आणि खरं सांगू, ती घ्यायला बसलं की मला रडू यायचं. म्हणून मी टाळायची.

त्या दिवशी माझा कामातला जोडीदार कंबर धरून घरी बसला होता. वायरमन नवीन होता, चार महिन्यांपूर्वी लागलेला, गप्पिष्ट. त्याला सांगून ठेवलं होतं की बरोबर चारला वरच्या पॅनेलवरून जुन्या सर्व्हरच्या रॅकची लाइन कापायची. तळघरात मोबाइल लागत नाही, म्हणून हेही सांगितलं की माझी वाट बघू नकोस.

'बघायचीच नाही मॅडम,' तो म्हणाला, 'मला साडेचारला मेहुण्याकडे पोचायचंय. तो माझी वाट बघत नाही, जेवायला बसतो.'

म्हणजे बघ, परतीचे दोर मीच कापून ठेवले होते.

तीन वाजता मी खाली गेले. तळघराला खिडकी नाही, पण ट्यूब सगळ्या चालू होत्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. निम्मी यंत्रं आधीच हलवलेली. एरवी तिथे पंख्यांचा इतका आवाज असतो की ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी तो आवाज विरळ झाला होता, आणि मधूनमधून एखादा पत्रा तापून टकटक करायचा तोसुद्धा ऐकू येत होता. धुळीचा आणि गरम प्लॅस्टिकचा वास. मी टेबलाशी बसले. नव्या सर्व्हरची छापील यादी डावीकडे ठेवली, सवयीने. शेजारची खुर्ची होती तिथेच होती. कमांड दिली. नावं पडद्यावर ओतली गेली.

मी वाचायला लागले. कुणासाठी नाही, उगाच. बंद करण्याआधी एकदा मोठ्याने वाचावं, निरोप दिल्यासारखं.

'औषधसाठा.'

'हजर.'

'रक्तपेढी, फ्रीज एक.'

'हजर.'

'रक्तपेढी, फ्रीज दोन.'

'हजर.'

तुला खोटं वाटेल, पण दहा-अकरा नावं होईपर्यंत मला काही वाटलंच नाही. नऊ वर्षं प्रत्येक नावामागे तो शब्द ऐकलेला. कानांना तो तिथे हवाच होता. मग बाराव्या नावाला मी श्वास घ्यायला थांबले, आणि माझ्या लक्षात आलं की मी एकटी आहे.

अंगावर सर्रकन काटा आला. मानेवर गार काहीतरी उतरत गेलं, आणि त्याबरोबर वास आला. निलगिरीचा. आधी पुसट, मग नाकात शिरेल इतका.

'मास्तर...?'

काही नाही. फक्त पंखे.

डावीकडे बघायची माझी छाती झाली नाही. पळावं असं फार वाटलं. पण तुला सांगते, माणसाची सवय किती चिवट असते बघ. त्यांचा आणखी एक नियम होता, अर्धी हजेरी टाकून उठलं तर पुन्हा पहिल्यापासून. एवढी घाबरलेली, आणि माझ्या डोक्यात काय, तर आता उठले तर पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागेल. मी पडद्यावर डोळे रोवले आणि तेरावं नाव वाचलं. आवाज चिरकत होता.

'क्ष-किरण, रांग एक.'

कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज. मग अगदी हळू, नेहमीच्या सुरात...

'हजर.'

पन्नासाव्या नावाच्या आसपास माझा आवाज चिरकायचा थांबला. सत्तराव्याला मी रडत होते. दोन वर्षं तो आवाज कुठे ऐकायला मिळत होता? भीती होती, नव्हती असं नाही, पण तिच्या खालून काहीतरी ऊबदार वर येत होतं. माझा वेगसुद्धा पूर्वीसारखा झाला. मी घाई करायची आणि ते मुद्दाम एक श्वास थांबून उत्तर द्यायचे, तेही तसंच.

शेवटचं नाव आलं.

'तात्पुरतं, उद्या.'

उत्तर नाही.

मला आधी हसूच आलं. आपल्यातल्या प्रत्येकाने असलं नाव कधी ना कधी घातलंय. संध्याकाळी घाईत काहीतरी चालू करायचं असतं, म्हणून हाताने एक नाव खुपसायचं, उद्या नीट फायलीत घालू म्हणायचं. मास्तरांना याची भयंकर चीड. मी एकदा केलं होतं, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नव्हते. मी पुन्हा वाचलं.

'तात्पुरतं, उद्या.'

गप्प. पेन्सिलही नाही.

'मास्तर, हजर म्हणा ना... शेवटचं आहे.'

गप्प. आणि मग मला ते कळलं. गप्प बसायचं केव्हा? यादीत नाव नसेल तेव्हा. हाच तर नियम.

मी यादीकडे बघितलं नाही, खुर्चीही दिसली असती. पडद्यावरच नवा सर्व्हर उघडून त्याला विचारलं. एकशे चाळीस. ते नाव नव्हतं. मग जुन्याला त्या एका नावाचा पत्ता विचारला. आतल्या फोनचा एक नंबर निघाला. भिंतीवरच्या तक्त्यात शोधला. चौथा मजला, नवजात कक्ष, सिस्टरचं टेबल.

पण 'नवजात' हे नाव तर यादीत होतं, हजर होतं. मग त्याचाही पत्ता काढला, तर दुसरा मजला. मास्तर गेले त्याच्या आदल्याच आठवड्यात तो कक्ष दुसऱ्यावरून चौथ्यावर गेला होता. म्हणजे ज्या संध्याकाळी बाळं वर हलवली, त्या संध्याकाळी कुणीतरी हाताने हे नाव घातलं होतं. कुणी, ते काय सांगायला हवं? हलवाहलवीच्या कामाला तेव्हा एकटेच मास्तर थांबले होते. त्यानंतर तो सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता आणि मीही खरी हजेरी घेतली नव्हती, म्हणून ते चालून गेलं.

टेबलावरचा फोन उचलून मी नवजात कक्ष लावला.

'सिस्टर, ऑक्सिजनच्या दाबाच्या चाचणीची कळ आहे ना, ती दाबा.'

'आत्ता? आत्ताच सगळी झोपलीयत हो.'

'दाबा, मी सांगते.'

तिच्याकडे घंटा वाजलेली मला फोनमधून ऐकू आली. त्याच क्षणी जुन्या सर्व्हरच्या नोंदीत एक ओळ उमटली, अमुक यंत्राने 'तात्पुरतं, उद्या' हे नाव विचारलं.

'किती बाळं आहेत आज?' मी विचारलं.

'अकरा. एक सकाळीच आलंय, तळहाताएवढं. का हो? काही झालंय का?'

'नाही. अजून नाही. जरा थांबा, मी पुन्हा लावते.'

घड्याळात पावणेचार. चारला वायरमन लाइन कापणार, घंटा नव्या सर्व्हरवर जाणार, आणि नव्या सर्व्हरला चौथा मजला ठाऊकच नाही. मी वायरमनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. उचलला नाही. न उचललेला फोन पलीकडच्या माणसाला कसा लागतो ते मला तेव्हा कळलं.

वर धावले असते तर खाली यंत्राशी कुणी उरलं नसतं, म्हणून सिस्टरला पुन्हा लावलं आणि रिसीव्हर मानेत धरून कामाला लागले. दोन रस्ते होते. नव्या सर्व्हरमध्ये ते नाव हाताने घालायचं, दोन सेकंदांत काम. नाहीतर फायलीत नीट लिहायचं आणि त्याला फाईल पुन्हा वाचायला लावायची. त्याला पंधरा मिनिटं तरी लागतात. हाताने घालून मग फायलीतही लिहावं, असं म्हणशील, पण तसं होत नाही. डोक्यात एखादं नाव आधीच असलं की तो फायलीतलं आत घेत नाही, हे आहेच म्हणतो. मग आपणही म्हणतो, चाललंय ना, बघू उद्या.

माझी बोटं हाताने घालायच्या कमांडवर गेली. अर्धी लिहिलीही.

टेबलावर पेन्सिल आपटली. टक. टक. मी घाई केली की ते आपटायचे तशीच.

'अहो, चार वाजतायत...' मी म्हटलं.

टक.

'तो लाइन कापेल, मास्तर. अकरा बाळं आहेत वर...'

डावीकडून, कानाशी म्हणावं इतक्या जवळून आवाज आला.

'दम खा, धांदल.'

मी ती ओळ पुसली. फायलीत लिहिलं, 'नवजात, चौथा मजला', नवं नीट नाव आणि त्यापुढे नीट पत्ता. दोनदा वाचून बघितलं. मग फाईल वाचायला लावली आणि बसून राहिले. सिस्टर मधूनमधून विचारत होती, आहात ना? मी म्हणत होते, आहे. घड्याळाचा काटा चारवर गेला. मी जुन्या रॅकच्या हिरव्या दिव्यांकडे बघत होते. ते विझले नाहीत. चार वाजून एक. चार वाजून चार. चार वाजून सहा मिनिटांनी नव्या सर्व्हरने फाईल संपवली. कक्षाचं यंत्र मी नव्या सर्व्हरकडे, या नव्या नावाकडे वळवलं.

'सिस्टर, दाबा.'

घंटा वाजली. नव्यावरून. तिच्या मागे एक बाळ जागं होऊन बारीक आवाजात रडायला लागलं. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

फोन ठेवला. तेव्हा कुठे मी डावीकडे तोंड केलं. खुर्ची रिकामी होती, टेबलापासून जराशी मागे सरकलेली, कुणी उठून उभं राहताना सरकते तशी.

'त्या दिवशी हेच सांगायचं होतं ना तुम्हाला?' मी म्हटलं. 'मी फोन उचलायला हवा होता, मास्तर. चुकलं माझं.'

वास ओसरत गेला. मी जुन्या सर्व्हरला बंद व्हायची कमांड दिली. तो शांतपणे बंद झाला.

सव्वाचारला वायरमन हातात पक्कड घेऊन खाली आला.

'कापू ना आता? का अजून थांबायचं?'

'तू थांबलास कसा?' मी विचारलं. 'फोन तर उचलत नव्हतास.'

'उचलला की. चारला दोन कमी असताना, तुमच्या या तळघराच्या नंबरवरून आलेला. तुमच्याकडचे कुणी वयस्क साहेब बोलले. म्हणाले, जरा थांब, पोरीची हजेरी चाललीय. नाक फार चोंदलं होतं बघा त्यांचं.'

चारला दोन कमी असताना त्या फोनचा रिसीव्हर माझ्या मानेत होता आणि पलीकडे सिस्टर होती. मी त्याला म्हटलं, काप. बिचाऱ्याला मेहुण्याकडे जायचं होतं.

छापील यादी माझ्या कपाटात आहे, हवी तर दाखवेन. एकशे चाळीस हिरव्या खुणा आहेत, शेपटीच्या. मी खाली नेलेली पेन्सिल काळी होती. सगळ्यात खाली हाताने लिहिलंय 'तात्पुरतं, उद्या'. त्यातलं 'उद्या' खोडून वर 'आज' केलंय. त्या रविवारी मी काकूंकडे गेले आणि सांगितलं, राहिलेलं काम झालं म्हणून. कसं झालं ते त्यांनी विचारलं नाही. माझा हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

म्हणून ती खुर्ची मी तळघरातून इथे आणली आणि रिकामी ठेवते. उद्या हजेरीला तू यादी घेऊन माझ्या उजव्या हाताला बस, खुणा तूच कर. फक्त एक आधी सांगून ठेवते, नाहीतर दचकशील. नव्या सर्व्हरच्या वहीत शेवटी एक जास्तीचं नाव येतं. 'तात्पुरतं, उद्या.' फायलीत नाही. मी घातलेलं नाही. मधे दोनदा सर्व्हर बंद करून चालू केला, तेव्हा जायला हवं होतं, गेलं नाही. त्याच्यापुढचा पत्ता म्हणजे हा, माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर.

हा वाजला की मी पहिल्याच रिंगला उचलते. मीटिंग असो, साहेब समोर बसलेले असोत. लोक मला उद्धट म्हणतात, म्हणोत. अजून तरी दर वेळी दुसरंच कुणी निघालंय. इतके महिने ते नाव वाचलं की डावीकडे सगळं गप्प असायचं. मागच्या हजेरीला मात्र मी ते वाचलं आणि एक श्वास थांबून हळूच उत्तर आलं, 'हजर.' तेव्हापासून फोन मी जरा जवळ ओढून ठेवलाय.